चार वर्षांच्या मुलीची पित्तनलिका आणि मोठेपणीचा कॅन्सर: हा संबंध किती पक्का?

ऋजुता_सांगली

माझ्या भाचीला, वय वर्षं चार, कोलेडोकल सिस्ट निघाली आहे. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी जन्मापासूनच फुगलेली आहे. मधूनमधून पोट दुखायचं, उलट्या व्हायच्या, जंत असतील म्हणून औषध दिलं. मग डोळे पिवळे दिसले. सोनोग्राफीत फुगा दिसला आणि एमआरसीपीने, म्हणजे पित्तनळ्यांच्या एमआरआयने, शिक्कामोर्तब केलं.

लहान मुलांच्या सर्जननी सांगितलंय की फुगलेली नळी पूर्ण काढायची, पित्ताशयही काढायचं आणि आतड्याचा एक पदर वर आणून यकृताकडच्या नळीला जोडायचा. ताईने विचारलं, "एवढं सगळं कशासाठी?" तर उत्तरात कॅन्सर हा शब्द आला. ठेवली तर मोठेपणी तिथे कॅन्सर होऊ शकतो म्हणे. तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाहीये.

ताईच्या सासऱ्यांचे एक स्नेही निवृत्त डॉक्टर आहेत. ते म्हणतात, आमच्या वेळी फुगा नुसता आतड्याला जोडून द्यायचे, ऑपरेशन छोटं, त्रास कमी. दुसरे नातेवाईक म्हणतात, पोर मोठी होऊ दे, मग बघू.

उपचाराचा सल्ला मागत नाहीये, तो डॉक्टर देतीलच. मला एवढंच समजून घ्यायचंय की चार वर्षांच्या मुलीच्या नळीचा आणि कॅन्सरचा संबंध कोणी, कसा शोधला, आणि त्यावर किती विसंबायचं.

अनघा_जोग

ऋजुता, काळजी घे. भाचीला खूप आशीर्वाद. इथे जाणकार आहेत, लिहितील.

शल्यविद्यार्थी

बालशल्यचिकित्सेत शिकतोय, त्यामुळे हा आजार नेहमी बघतो. लांबण लावतो, पण प्रश्नच तसा आहे.

यकृताची पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी अशा दोन नळ्या लहान आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे ड्युओडेनममध्ये, एकत्र उघडतात. निरोगी माणसात त्या आतड्याच्या भिंतीत शिरल्यावर एकमेकींना मिळतात आणि तिथे स्नायूचं कडं असतं, ओडीचा स्फिंक्टर. त्या कड्यामुळे एकीतला रस दुसरीत जात नाही. या मुलांपैकी बहुतेकांत त्या भिंतीच्या बाहेरच, बऱ्याच अलीकडे मिळतात. पुढे लांब सामाईक नळी आणि कडं मात्र तिच्या टोकाला. स्वादुपिंडाच्या नळीतला दाब पित्तनळीतल्या दाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे पाचकरस उलटा पित्तनळीत चढतो.

हे बॅबिट या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञांनी १९६९ मध्ये मांडलं. पुरावा बघायला सोपा आहे. ऑपरेशनच्या वेळी फुग्यातलं पित्त सिरिंजमध्ये घेऊन लॅबला पाठवलं की त्यात अमायलेज, म्हणजे पिष्ट पचवणारं विकर, सापडतं, तेही भरपूर. अमायलेज स्वादुपिंडाचं, पित्तात त्याचं काही काम नाही.

जो रस अन्न पचवतो तो वर्षानुवर्षं नळीच्या आतल्या अस्तरावर साचून राहतो. अस्तर सोलवटतं, भरून येतं, पुन्हा सोलवटतं. कॅन्सरची वाट इथून सुरू होते.

बाबूकाका_मिरज

मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून आयुष्य काढलं. त्या निवृत्त डॉक्टरांचं खोटं नाही. फुग्याला आतड्याशी जोडायची पद्धत होतीच. तेव्हा भूल आणि अतिदक्षता आजच्यासारखी नव्हती, लहान मुलाला चार-पाच तास टेबलावर ठेवणं हीच जोखीम होती. पित्त मोकळं झालं, कावीळ उतरली, मूल हसायला लागलं की सगळे समाधानी. त्या काळाच्या मानाने ते बरोबरच होतं.

परंतु फुगा आत राहिला की अस्तरही राहतं. शिवाय जोडलेल्या जागेतून आतड्यातलं सगळं वर चढायला लागतं. पुढे काय झालं ते आम्ही स्लाइडवर पाहिलं आहे.

मुक्ता_दे

बाबूकाका, "पुढे काय झालं" ते मी घरात पाहिलंय. ऋजुता, तुला घाबरवायला लिहीत नाही. उलट तुमच्या डॉक्टरांनी पूर्ण काढायचं म्हटलंय म्हणून मला हायसं वाटलं.

माझ्या मावशीचं लहानपणी हेच जोडायचं ऑपरेशन झालं होतं. पोटावर उजवीकडे आडवा व्रण होता. आजी सांगायची, "पित्ताची गाठ होती, काढली." काढली नव्हती. घरातल्या कुणाला ते माहीतच नव्हतं. मावशीचं लग्न झालं, दोन मुलं झाली, नोकरी केली. मधेच थंडी वाजून ताप यायचा, अँटिबायोटिक्सने उतरायचा. चाळिशी उलटल्यावर कावीळ झाली ती उतरेना. स्कॅनमध्ये जुना फुगा तसाच होता आणि त्यात गाठ होती, पसरलेली.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तिचं जुनं डिस्चार्ज कार्ड सापडलं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. त्यावर निळ्या शाईत 'सिस्टोड्युओडेनोस्टॉमी', म्हणजे फुगा ड्युओडेनमला जोडला, असं लिहिलं होतं. घरी ते कुणी वाचलं नव्हतं आणि वाचलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मावशी त्याच वर्षी गेली.

मोठेपणी तपासणीला या, एवढं एक वाक्य तिला कुणी मराठीत लिहून दिलं असतं तर!

ऋजुता_सांगली

मुक्ता, वाचून गलबललं. तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हा प्रतिसाद ताईच्या सासऱ्यांना वाचून दाखवते.

निरभ्र

एक वेगळं मत मांडतो. मुक्ताताईंच्या मावशीबद्दल वाईट वाटलं, पण एका अनुभवावरून सगळ्या मुलांबद्दल बोलू नये. मी थोडं वाचलंय. दहा वर्षांच्या आतल्या मुलांत या फुग्यात कॅन्सर सापडण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. मग चार वर्षांच्या मुलीवर एवढी मोठी शस्त्रक्रिया आत्ताच कशाला? बारा-पंधराची झाल्यावर करू, असं एखाद्या पालकाने म्हटलं तर ते अडाणीपणाचं नाही. डॉक्टरांनी कॅन्सर शब्द उच्चारला की आईवडील हो म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शल्यविद्यार्थी

@निरभ्र, आकडा बरोबर आहे. त्याच्या पुढचे आकडेही बघा. १९८३ च्या ज्या अहवालातून तो येतो त्यातच ११ ते २० वयोगटात जवळपास ७ टक्के आणि विशीनंतर १४ टक्क्यांच्या आसपास म्हटलंय. हे रुग्णालयात पोचलेल्या रुग्णांचे आकडे आहेत, त्यामुळे प्रत्यक्षातली जोखीम थोडी कमी धरा. वयाबरोबर ती चढते यावर मात्र मतभेद नाहीत.

आणि थांबायचं की नाही हे एकट्या कॅन्सरवर ठरत नाही. थांबण्याच्या काळात पित्तमार्गाला जंतुसंसर्ग होतो, स्वादुपिंडाला सूज येते, खडे होतात, क्वचित फुगा पोटात फुटतो. पित्त तुंबून राहिलं तर यकृत कडक होत जातं. या मुलीला कावीळ होऊन गेली आहे, म्हणजे तिची नळी गप्प बसलेली नाही. शिवाय प्रत्येक सूजेनंतर नळी आजूबाजूला चिकटत जाते.

फुग्याच्या अगदी मागे पोर्टल व्हेन असते, आतड्यांकडून यकृताला रक्त नेणारी मोठी शीर. लहान, न सुजलेल्या मुलात नळी तिच्यावरून अलगद सुटते. वारंवार सूज आलेल्या मोठ्या रुग्णात ती भिंत शिरेला घट्ट चिकटलेली असते. तेव्हा सर्जन मागची बाहेरची भिंत तिथेच सोडतात आणि आतलं अस्तर तेवढं सोलून काढतात. लिली नावाच्या सर्जनची पद्धत म्हणतात तिला. अस्तर गेलं पाहिजे, कारण धोका अस्तरात आहे. पहिल्यांदा बघताना मी श्वास रोखून उभा होतो. कात्रीच्या टोकाखाली ती निळसर शीर हलताना दिसते.

निरभ्र

हे पटलं. लक्षणं असलेल्या मुलीबद्दल माझा आग्रह मागे घेतो. लक्षणं नसलेल्या, गरोदरपणाच्या सोनोग्राफीत योगायोगाने सापडलेल्या बाळांबद्दल मात्र घाई किती करावी हा प्रश्न उरतो.

शल्यविद्यार्थी

तो प्रश्न आमच्या चर्चांतही उरतोच. बाळ नीट वाढत असेल, कावीळ नसेल तर काही ठिकाणी काही महिने लक्ष ठेवून मग करतात. वर्षानुवर्षं मात्र कुणी थांबत नाही.

सेंदाईकर

नोकरीनिमित्त जपानमध्ये आहे, वैद्यकीय भाषांतराचं काम करतो. या विषयाची पाळंमुळं इथे खोल आहेत, म्हणून राहवलं नाही.

हा आजार पूर्व आशियात पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि मुलींमध्ये मुलांच्या तिप्पट-चौपट. फुग्याचे प्रकार सांगताना जगभर जे वर्गीकरण वापरतात ते टोडानी या जपानी सर्जनचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, १९७७ चं. तुमच्या रिपोर्टवर 'टाइप वन' किंवा 'टाइप फोर' असं काही लिहिलं असेल तर ते तेच. जपानी संशोधकांनी एक मोठं काम केलं. देशभरच्या रुग्णालयांतून या रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या. १९९० ते २००७ च्या नोंदींत, नळी फुगलेल्या प्रौढांपैकी २१.६ टक्क्यांत पित्तमार्गाचा कॅन्सर आढळला. नळ्यांची जोडणी चुकीची, पण फुगा नाही, अशा प्रौढांत तर ४२.४ टक्के, आणि त्यातला बहुतांश पित्ताशयाचा.

हा दुसरा आकडा वाचून मी थबकलो. फुगा नसला की मूल तक्रार करत नाही, कुणी तपासत नाही, आणि रस मात्र उलटा चढतच राहतो.

अनघा_जोग

म्हणजे फुगा दिसला हे एका अर्थी ऋजुताच्या भाचीचं नशीबच म्हणायचं.

ओवीची_आई

थोडं अवांतर, पण पोटातलंच आहे. सेंदाईकर, तुमचं नाव वाचून अंगावर काटा आला. माझ्या ओवीवर जे ऑपरेशन झालं ते सेंदाईच्या कासाई डॉक्टरांचं!

ओवीला बिलिअरी अॅट्रेशिया होता. यात नळी फुगत नाही, आक्रसून बंदच होते. बाळ गुटगुटीत, दूध पिणारं, फक्त कावीळ उतरत नव्हती. सगळे म्हणाले उन्हात धर. शी पांढरट, भिजवलेल्या खडूच्या रंगाची होती. मला वाटलं दूधच पितेय म्हणून असेल. शेवटी शेजारच्या नर्सताईंनी लंगोट बघितला आणि म्हणाल्या, आजच्या आज जा. दोन महिने पुरे व्हायच्या आत ऑपरेशन झालं म्हणून आज ओवी स्वतःच्या यकृतावर शाळेत जातेय.

सेंदाईकर

ओवीची आई, ओवीला या गावाकडून शुभेच्छा. मोरिओ कासाई इथल्या तोहोकू विद्यापीठाचे. १९५० च्या दशकापर्यंत अशा बहुतेक बाळांचं पोट उघडून, जोडायला नळीच नाही म्हणून पुन्हा शिवून टाकत. कासाईंनी यकृताच्या दाराशी, जिथे नळीच्या जागी नुसता तंतुमय गोळा उरतो, तिथे तो गोळा कापून आतडं थेट यकृताला जोडलं आणि पित्त वाहू लागलं. त्या गोळ्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नलिका शिल्लक असतात. १९५९ मध्ये त्यांनी हे जपानी भाषेत छापलं, बाहेरच्यांचा विश्वास बसायला पुढची कित्येक वर्षं गेली.

शीच्या रंगाबद्दल: तैवानने २००४ पासून देशभर प्रत्येक नवजात बाळाच्या आईला रंगांचं कार्ड दिलं. जपानमध्ये २०१२ पासून ते माता-बाल पुस्तिकेतच छापतात. आई लंगोटाशेजारी कार्ड धरते आणि रंग जुळवते. खर्च छापण्याचा तेवढा.

आशाताई_पाटण

मी गावातली आशा कार्यकर्ती आहे. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आम्ही घरी जातो, वजन घेतो, नाळ बघतो, कावीळ बघतो. शीचा रंग आईला मी आवर्जून विचारते, पण सगळ्याच जणी विचारत असतील असं नाही. असं कार्ड आमच्या पिशवीत आलं तर फार उपयोग होईल. आया लाजतात, पण चित्र दाखवलं की बोट ठेवतात. "हा रंग" म्हणून लगेच सांगतात.

शल्यविद्यार्थी

आशाताई, तुमच्यासारख्यांमुळेच आमच्याकडे बाळं वेळेत येतात. सगळ्यांसाठी लिहून ठेवतो: पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही असेल तर रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलं की रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) तपासून घ्या. शी पांढरट असेल तर १४ दिवसही थांबू नका. कासाई ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालं तर निकाल चांगला लागतो.

पेशीवाली

मी प्रयोगशाळेतली, पित्तमार्गाच्या पेशींवर काम करते. ऋजुताच्या "कसा शोधला" या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग माझ्याकडे आहे.

पित्तात लेसिथिन नावाचं चरबीसारखं द्रव्य असतं. ते निरुपद्रवी. स्वादुपिंडाच्या रसातलं फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर त्याला भेटलं की त्याचं लायसोलेसिथिन होतं, आणि ते पेशींचं आवरण विरघळवतं. नुसतं पित्त किंवा नुसता पाचकरस एवढा घात करत नाही, दोन्ही एकत्र साचले की होतो. मग अस्तरातल्या पेशी झीज भरून काढायला भराभर वाढू लागतात. भराभर वाढणाऱ्या पेशीत डीएनएची नक्कल करताना चुका राहतात. या रुग्णांच्या पित्ताशयात, कॅन्सर अजून कुठेच नसताना, नुसत्या जाड झालेल्या अस्तरातसुद्धा के-रास जनुकातला बदल सापडलेला आहे. लहान मुलांतही. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पी-५३ हे जनुक बिघडतं ते नंतर, कॅन्सर जवळ आल्यावर. म्हणजे पहिलं पाऊल बालपणी पडलेलं असू शकतं.

काढलेला फुगा आमच्याकडे येतो तेव्हा थंड द्रावणात बुडालेला असतो, बर्फाच्या डब्यात. आतून हिरवट-पिवळा, मखमलीसारखा हवा तो पृष्ठभाग जागोजागी सोललेला. अर्धा भाग पॅथॉलॉजीला जातो. आमच्या वाट्याच्या तुकड्यातून पेशी सोडवून जेलच्या थेंबात ठेवतो. काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ गोळे दिसू लागतात, त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. त्यांच्यावर पाचकरसाचा काय परिणाम होतो ते बघता येतं, मुलाला हात न लावता. केंब्रिजच्या गटाने २०२१ मध्ये पित्ताशयातून वाढवलेल्या अशा पेशी प्रत्यारोपणासाठी नाकारलेल्या मानवी यकृतात सोडल्या, आणि त्यांनी खराब झालेल्या नलिका दुरुस्त केल्या. उद्या ओवीसारख्या बाळांना याचा फायदा व्हावा ही मनापासूनची इच्छा आहे.

ग्रंथपाल_कुडाळ

पेशीवाली, एक शंका. हे सगळं कळण्याआधी प्राण्यांवर प्रयोग झालेच असतील ना? त्यावर माझी हरकत आहे.

पेशीवाली

झाले. जपानमध्ये कुत्र्याच्या पिलांत दोन्ही नळ्या मुद्दाम जोडून पाहिल्या, पित्तनळी फुगली. हॅमस्टरवरही झाले. तुमची हरकत मला समजते. ऑर्गनॉइडमुळे त्यातले बरेच प्रयोग आता टाळता येतात, आणि माझ्यासाठी या कामाचं ते मोठं आकर्षण आहे. पण फुगा पूर्ण काढायचा हा निर्णय ज्या ज्ञानावर उभा आहे त्यात त्या पिलांचा वाटा आहे, तो मी नाकारणार नाही.

बनारसचा_मराठी

पित्ताशयाच्या कॅन्सरबद्दल लिहायलाच हवं. गंगेच्या खोऱ्यात तो इतका दिसतो की आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरी कुणीतरी आहे. माझी सासू त्यातच गेली. हेही लहानपणच्या नळ्यांमुळेच का?

पेशीवाली

नाही, तिथे मुख्यतः पित्ताचे खडे आणि वर्षानुवर्षांची सूज. पण एक धागा बालरोगाशी जुळतो. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय रुग्णांच्या जनुकांची मोठी तुलना केली, २०१७ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आली. धोका वाढवणारे बदल एबीसीबी-१ आणि एबीसीबी-४ या जनुकांच्या भागात सापडले. एबीसीबी-४ चं काम पित्तात लेसिथिनसारखी द्रव्यं सोडणं. ती कमी पडली की पित्तक्षार नळीच्या अस्तरालाच खाऊ लागतात. हेच जनुक आईकडून आणि बाबांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत पूर्ण बिघडलेलं असेल तर लहानपणीच यकृताचा गंभीर आजार होतो. मुलांचा वॉर्ड आणि कॅन्सरचा वॉर्ड वेगळ्या इमारतींत असले तरी जनुक तेच.

शल्यविद्यार्थी

अगदी! असंच रेट जनुक. ते निकामी झालं तर हर्शस्प्रुंग होतो: मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, बाळाला शी होत नाही. आणि तेच जनुक अति चालू राहिलं तर थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर. १९९४ मध्ये हर्शस्प्रुंगशी संबंध कळला. त्यामुळे काही कुटुंबांत पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाळाचा थायरॉइडही तपासतात.

विनू_चिपळूण

एवढं गंभीर वाचून झाल्यावर एक किस्सा. माझ्या मुलीचं हेच ऑपरेशन झालं, पाच वर्षांची होती. राउंडला दहा डॉक्टर आले. मोठ्या सरांनी विचारलं, "काय गं, मी कोण?" ती म्हणाली, "तुम्ही प्लंबर. बाबा म्हणाले माझी नळी गळते." सर इतके हसले की जाताना खिशातलं पेन तिला देऊन गेले. आज कॉलेजात आहे, ते पेन अजून तिच्याकडे आहे. ऋजुताताई, धीर धरा. पोरं आपल्यापेक्षा खंबीर असतात.

ऋजुता_सांगली

विनूदादा, ताई कितीतरी दिवसांनी हसली!

सगळे प्रतिसाद घरी मोठ्याने वाचले. सासऱ्यांनी आपणहून त्या डॉक्टर स्नेह्यांना फोन केला. मुक्ताच्या मावशीचं ऐकून तेही म्हणाले, पूर्णच काढा. तारीख ठरली आहे. आता तीन प्रश्न: दुर्बिणीतून करावं की पोट उघडून? सगळं काढल्यावर कॅन्सरची भीती संपली का? आणि पित्ताशय नसेल तर ती नेहमीसारखं जेवेल का? खर्चाचंही कुणी सांगा.

विनू_चिपळूण

खर्चाचं मी सांगतो. महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. शाळा-अंगणवाडीत तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक असतं, त्यांनाही विचारा. जन्मजात दोषांसाठी ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

शल्यविद्यार्थी

ऋजुताताई, दोन्ही पद्धती चांगल्या. दुर्बिणीतून पहिल्यांदा १९९५ मध्ये झालं, आता पुष्कळ ठिकाणी करतात. व्रण लहान राहतो. पण आत काय काढायचं आणि काय जोडायचं ते तेच आहे. तुमच्या सर्जनचा हात ज्यात बसलेला आहे ते त्यांना करू द्या. हे त्यांना सरळ विचारा, चांगला सर्जन रागावत नाही.

भीती खूप कमी होते, शून्य होत नाही. यकृताच्या आतल्या नळ्या आणि स्वादुपिंडात शिरलेला खालचा बारीक भाग, इथे क्वचित अनेक वर्षांनी कॅन्सर झाल्याची उदाहरणं आहेत. जोडलेली जागा अरुंद होऊन वर खडेही होऊ शकतात. म्हणून सोनोग्राफी आणि यकृताच्या तपासण्या आयुष्यभर, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तरी.

जेवण नेहमीचं. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय फक्त साठवतं. सुरुवातीला तळलेलं, तुपकट कमी, मग सगळं. वरणभात, पोळीभाजी, वाढदिवसाचा केकसुद्धा.

मुक्ता_दे

ऋजुता, ऑपरेशन नोट, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि एमआरसीपीची सीडी, तिन्ही मागून घे. स्कॅन करून दोन ठिकाणी ठेव. पहिल्या पानावर साध्या मराठीत लिही: "पित्तनळी पूर्ण काढली आहे, आतडं जोडलं आहे, दरवर्षी तपासणी हवी." ती अठरा वर्षांची झाली की फाइल तिच्या हातात द्या आणि काय झालं होतं ते तिलाच समजावून सांगा.

शल्यविद्यार्थी

मुक्ताताईंच्या त्या पानावर आणखी एक ओळ घाला: थंडी वाजून ताप आला आणि डोळे पिवळे दिसले, तर गावातल्या गोळीवर रात्र काढायची नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं.

ऋजुता_सांगली

दोन्ही वाक्यं वहीत उतरवून घेतली. ऑपरेशन झालं की इथेच कळवते.